फणीचे दात उगवतीला

नातवंडांनो, हे मी मराठीतच लिहिते आहे. सावकाश वाचा. अडलात तर आईला विचारा, आणि आईही अडली तर तिला मला फोन करायला सांगा. तिला मराठीत किती मार्क पडायचे ते मला आठवतं.

परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही थोरल्या आजीला नीट दिसत नव्हतात, तेव्हा ती म्हणाली, "जरा मावळतीला सरका." तुम्ही सगळे हसत सुटलात. हसायला माझी हरकत नाही. पण कॉल संपल्यावर तुमच्या आईने मला वेगळा मेसेज पाठवला, की थोरल्या काकूंचं डोकं ठिकाणावर आहे ना? आहे. तिच्या उगवती-मावळतीपायी एकदा नगरच्या दवाखान्यातही असाच गैरसमज झाला होता आणि तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून ती हकीकत आत्ताच, क्रमाने लिहून काढते.

थोरली आजी म्हणजे माझी मोठी जाऊ. ती घोडेगावजवळ शेतातल्या घरात राहते आणि मी नगरला, सावेडीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत. मी इंग्रजी शाळेत भूगोल शिकवला. ती शाळेत गेलीच नाही, आणि शाळेत जाऊन माझं काय झालं हे बघितल्यापासून तिला त्याची खंतही उरलेली नाही, असं ती पाहुण्यांना सांगते.

आधी तिचा डावा डोळा गेला. मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू, असं घरात ठरलं. तो मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या मागे पडदा असतो, त्याचा अगदी मधला भाग खराब होत होता. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मग उजव्याने सुरुवात केली. एके सकाळी तिने जाहीर केलं की दाराची चौकट वाकली आहे, गवंड्याला बोलवा. गवंडी आला. त्याने ओळंबा सोडून दाखवला आणि म्हणाला, "मावशी, चौकट सरळ हाय." थोरल्या आजीने ओळंब्याकडे बघितलं आणि सांगितलं, "तुझा ओळंबाबी वाकडा हाय. नवा घे."

गवंडी रागावून गेला. तुमच्या आजोबांनी मात्र ते ऐकताच गाडी काढली आणि तिला नगरला आणलं. सरळ रेषा वाकड्या दिसायला लागणं हीच या आजाराची पहिली खूण असते.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तपासलं. पडद्यामागे पाणी झिरपत होतं. डोळ्यात इंजेक्शनं देऊन ते आटवतात. त्याच सुमारास तिथे एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता आणि थोरल्या आजीला त्यात सामील व्हायचं का, असं मॅडमनी विचारलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता थेट तिच्याकडे बघून. हे मला फार आवडलं. औषधं दोन आहेत, एक नेहमीचं आणि एक नवं. कुणाला कुठलं मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो. आजींना ते कळणार नाही, नजर तपासणाऱ्या मुलीला कळणार नाही, आणि मलाही कळणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"म्हंजी तुमीबी आंधळ्याच?" थोरल्या आजीने विचारलं.

"तेवढ्यापुरती, हो," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, आता ही उठून चालू लागणार. पण ती खूश झाली. थोरले आजोबा जनावरांचे व्यापारी होते हे तुम्हाला माहीत आहे. घोडेगावच्या बाजारात म्हशीचा सौदा ठरताना दोघे जण रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही.

"आमच्या बाजारात आसंच आस्तं," ती मॅडमना म्हणाली. "रुमालाखाली सौदा. बघनाऱ्याला कळू द्यायचं न्हाई. कळलं की तो मधी त्वांड घालतो."

"अगदी बरोबर. फक्त इथे बोटं धरणाऱ्यांनाही कळत नाही."

"मंग लईच पक्का सौदा हाय. घाला मला त्यात."

मधे तोंड घालणाऱ्यांत पहिली मी होते, हे सांगायला नको. मला ते गुपित सहन होईना. इंजेक्शनची बाटली कुठल्या रंगाची असते, असं मी नर्सला सहज विचारून बघितलं. ती गोड हसली. इंजेक्शन झाल्यावर मी थोरल्या आजीला विचारलं, की औषध आत गेल्यावर कसं वाटलं?

"मुंगी डसल्यावानी."

"नव्या औषधाची मुंगी की जुन्या?"

"मुंगीला इचारलं न्हाई. पुढल्या बारीला इचारते."

मग मी बाहेरच्या बाकावर बसलेल्या पेशंटांमध्ये चौकशी केली. प्रत्येकाला खात्री होती की आपल्यालाच नवं औषध मिळतंय. शनिशिंगणापूरहून येणाऱ्या एका आजोबांनी तर पुरावाच दिला, की इंजेक्शन सुरू झाल्यापासून त्यांचा गुडघा दुखायचा थांबला आहे. मी शोध थांबवला.

आता मुख्य गोष्ट. दर खेपेला आधी नजर तपासायची. वाचता न येणाऱ्यांसाठी भिंतीवर एक तक्ता असतो. त्यावर इंग्रजी ई हे एकच अक्षर, कधी उजवीकडे तोंड केलेलं, कधी डावीकडे, कधी वर, कधी खाली. ओळीगणिक ते बारीक होत जातं. पेशंटने त्याचं तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. थोरल्या आजीचा खांदा आखडलेला होता, हात छातीच्या वर जात नव्हता. म्हणून तपासणारी मुलगी म्हणाली, "आजी, तोंडानेच सांगा. ही फणी आहे असं समजा. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत? डावीकडे की उजवीकडे?"

"तुझ्या उजवीकडं का माझ्या?"

मुलगी तक्त्याशेजारी, आजीकडे तोंड करून उभी होती. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "तुमच्या."

"आन् फणीच्या उजवीकडं काय हाय?"

"फणीला उजवीकडे कशी असेल, आजी?"

"तेच म्हनते मी. डावं-उजवं बैलाला आस्तं, मान्साला आस्तं. त्याला त्वांड आस्तं म्हनून. फणीला कुटलं आलंय? दात उगवतीला हायती. लिव्ह."

मी दाराबाहेर बसून ऐकत होते. दार नीट लागत नसे आणि मीही ते लावायची घाई करत नसे. ती मुलगी नेवाशाकडची होती, तिला उगवती-मावळती परकी नव्हती. त्या खोलीत पेशंटचं तोंड उत्तरेला असायचं, म्हणजे उजव्या हाताला पूर्व. तिने लगेच मेळ घातला आणि मोठ्याने म्हणाली, "उगवती म्हणजे उजवी. उ ला उ. आणि मावळती म्हणजे डावी." मी बाहेरून मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी दिले. शाळेत असली युक्ती काढणारी मुलं मला फार आवडायची.

तेव्हापासून कारभार सुरळीत झाला. थोरली आजी "उगवतीला, आभाळाकडं, मावळतीला, भुईकडं" असं ज्योतिष्यासारखं सांगत जायची आणि मुलगी खुणा करत जायची. दर खेपेला दोन-चार अक्षरं जास्तच यायची. घरची चौकट सरळ झाली. गवंड्याला निरोप गेला, की तुझा ओळंबा बरा हाय म्हन.

मग त्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती सुप्याला सासरी गेली. तिच्या जागी पुण्याची एक मुलगी आली, कामाला अतिशय चोख. जाणारीने येणारीला प्रत्येक पेशंटची खासियत सांगून ठेवली होती. आमच्या पेशंटची खासियत होती "उ ला उ".

त्याच आठवड्यात तपासणीची खोली बदलली. जुन्या खोलीत नवं मशीन बसवायचं होतं, म्हणून तक्ता बोळाच्या पलीकडे गेला. नवी खोली मोठी होती, स्वच्छ होती, आणि दार चांगलं घट्ट लागत होतं, हा तिचा एकच दोष.

त्या दिवशी थोरली आजी नेहमीसारखी आत गेली आणि नेहमीसारखी बाहेर आली. पण नंतर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी पर्स मांडीवर घट्ट धरली.

"आजी, नजर बरीच घसरली आहे."

"कुनाची?" थोरल्या आजीने विचारलं.

"तुमची. मागच्या वेळच्या निम्मीसुद्धा अक्षरं बरोबर आली नाहीत. आणि मला कळत नाही, कारण पडद्याचा फोटो चांगला आहे. पाणी दिसत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पुढच्या तपासणीतही हेच आलं, तर औषध लागू पडत नाही असं धरावं लागतं. अभ्यासाचा नियम आहे. मग हे औषध बंद करावं लागेल."

"आणि मग डोळा?"

"मग दुसरं काही करून बघू," मॅडम म्हणाल्या. डॉक्टर माणसं असं कधी म्हणतात, ते मला ठाऊक होतं. मॅडमकडे दुसरं औषध असेलही, थोरल्या आजीकडे दुसरा डोळा नव्हता.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. थोरली आजी बाहेर बघत दुकानांच्या पाट्यांचे रंग सांगत होती, मला बरं वाटावं म्हणून. शेवटी म्हणाली, "येवढी का सुतकात बसल्यावानी बसलीस? मला दिसतंय की."

"जाऊबाई, तुम्हाला दिसत असतं तर अक्षरं चुकली का असती?"

"मी न्हाई चुकले. त्या पोरीलाच चष्मा लागला आसंल."

घरी आल्यावर माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. पेपर तिने कसा लिहिला हे मला बघायचंच होतं. मी तिला हॉलमधल्या खुर्चीत टीव्हीकडे तोंड करून बसवलं, एक काळी फणी घेतली, पांढरा टॉवेल पाठीशी धरला आणि टीव्हीपाशी जाऊन उभी राहिले. तुमचे आजोबा पेपर बाजूला ठेवून मजा बघायला बसले.

"सांगा, दात कुठे?"

"आभाळाकडं."

बरोबर. मी फणी उलटी केली. "आता?"

"भुईकडं."

बरोबर. मी फणी आडवी धरली. "आता?"

थोरली आजी बघत राहिली. मग म्हणाली, "गंगंकडं."

आपल्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात. पण गोदावरीचा इथे काय संबंध? मी फणी तशीच धरून म्हटलं, "जाऊबाई, उगवतीला की मावळतीला, एवढंच सांगा."

"दोन्हीकडं न्हाई."

"असं कसं? दोन्हींपैकी एक असणारच."

"आगं, नसंल तर काय मनानं सांगू? गंगंकडं हायती दात."

"बरं, उगवतीला म्हणजे नक्की कुठे?"

"तुझ्या मागं! टीव्हीच्या पल्याड. माझ्या नाकासमोर उगवती हाय, आन् ही बाई मला इचारती उगवतीला का मावळतीला. तुझ्या घरात सूर्य कुटनं उगवतो ठावं न्हाई व्हय गं तुला?"

खरं सांगायचं तर नव्हतं. आमच्या हॉलला पडदे आहेत आणि सूर्य समोरच्या इमारतीच्या मागून केव्हातरी वर येतो. मी म्हटलं, "थांबा, थांबा. गंगा म्हणजे उत्तर," आणि जन्मभराच्या सवयीने वर बघितलं. नकाशा भिंतीवर टांगून उत्तर दिशा वर असते असं शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली होती.

"वर काय बघती?" थोरली आजी म्हणाली. "वर फ्यान हाय."

तुमचे आजोबा खोकल्याचा बहाणा करून बाल्कनीत गेले. मी मात्र टॉवेल खांद्यावर टाकून जमिनीवर बसकण मारली, कारण आता माझ्या डोक्यात उजेड पडत होता. अगदी हळूहळू.

"जाऊबाई, दवाखान्यातल्या जुन्या खोलीत तुमचं तोंड कुठे होतं?"

"गंगंकडं."

"आणि नव्या?"

"नव्या खोलीत गंगंला पाठ. सोलापूरच्या अंगाला त्वांड."

म्हणजे नव्या खोलीत उगवती डाव्या हाताला होती. चोख पुणेकर मुलगी "उ ला उ" लावत बसली होती, आणि थोरली आजी प्रत्येक फणीचे दात अगदी बरोबर ओळखून प्रत्येक वेळी चुकत होती.

"मग तुम्ही त्या मुलीला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? उगवती कुटं हाय ते? येवढं तर कोंबडीलाबी ठावं आस्तं."

दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्यात हजर झाले, एकटीच. मॅडमनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, पण मी स्वतःला ऐकत होते, आणि मला ते अजिबात पटत नव्हतं. निकाल लागल्यावर स्टाफरूमच्या दारात येऊन "बाई, आमच्या पोराला सगळं येत होतं हो, फक्त उलटं लिहिलं गेलं" असं सांगणारे पालक मी आयुष्यभर हाकलून लावले होते. आज त्यांच्या जागी मी उभी होते.

"बाई, नातेवाइकांना असं वाटणं साहजिक आहे," मॅडम अगदी माझ्याच जुन्या आवाजात म्हणाल्या. "पण झालेली तपासणी मी बदलू शकत नाही."

"बदलू नका. फक्त एक बघा. वरच्या-खालच्या तोंडाची अक्षरं किती चुकली, आणि आडव्या तोंडाची किती?"

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा बघितलं. दिसण्याजोग्या ओळींतली वरची-खालची सगळी बरोबर होती. आडवी सगळी चूक. एकही अंदाजपंचे बरोबर आलेलं नव्हतं.

"मॅडम, मी मुलांना चूक की बरोबर ते लिहा असे प्रश्न घालायचे," मी म्हटलं. "मठ्ठ मुलाची निम्मी उत्तरं तरी आपोआप बरोबर येतात. सगळीच्या सगळी चुकवायची तर सगळी यावी लागतात. न दिसणाऱ्याला इतकं पद्धतशीर चुकता येत नाही."

मॅडमनी पुणेकर मुलीला बोलावलं आणि विचारलं, "आपल्या तपासणीच्या खोलीत पूर्व कुठे आहे?"

मुलीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मोबाईल काढला. मॅडमनीही काढला. दोघींच्या मोबाईलमधल्या पूर्वा वेगवेगळ्या भिंतींवर निघाल्या. मी खिडकीतून रस्ता बघून शिंगणापूरच्या बसेस कुठून येतात ते सांगितलं आणि त्यावरून आमचं तिघींचं एकमत झालं. एवढ्या शिकलेल्या तीन बायका, आणि पूर्व शोधायला एसटीची मदत लागली.

तरीही नियम तो नियम. झालेली तपासणी तशीच राहणार होती, तिच्याशेजारी काय घडलं ते लिहिलं जाणार होतं, आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा तपासणी होणार होती. औषध चालू राहणार की बंद होणार, हे तिच्यावर अवलंबून. मॅडम म्हणाल्या, की तुमचं म्हणणं मला पटतंय, पण पटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मीही असंच म्हटलं असतं.

त्या तारखेला मी पुन्हा बोळात बसले. या वेळी दार मॅडमनीच उघडं ठेवलं, पण "बाई, आतून एक शब्द आला तरी चालेल, बाहेरून यायचा नाही," अशी तंबी देऊन. पुणेकर मुलीने थोरल्या आजीच्या हातात पुठ्ठ्याचं कापलेलं एक मोठं ई दिलं.

"आजी, भिंतीवरचं जसं दिसतंय तसं हे हातात फिरवा. हात उचलायचा नाही. बोलायचं नाही."

"काईच बोलायचं न्हाई?"

"काहीच नाही."

हीच खरी परीक्षा होती. थोरली आजी पुठ्ठा मांडीवर धरून फिरवू लागली. वरच्या मोठ्या ओळी सरसर गेल्या. मधल्या ओळींत ती थांबायची, मान कलती करायची, बाजूच्या नजरेने बघायची, मग फिरवायची. मला पुठ्ठा दिसत होता, तक्ता दिसत नव्हता. त्यामुळे बरोबर की चूक ते काही कळत नव्हतं, आणि मुलीचा चेहरा तर रुमालाखाली असल्यासारखा. मी पदराचं टोक चावत होते. अशी मी तुमच्या आईच्या बोर्डाच्या परीक्षेलाही बसले नव्हते.

बरंच खाली गेल्यावर थोरल्या आजीने पुठ्ठा मांडीवर ठेवून दिला. "आता मुंग्या हायती नुसत्या," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

मुलीने बेरीज केली, पुन्हा केली, आणि मग सगळे नियम विसरून ती आजीच्या गळ्यातच पडली. खोली बदलण्याआधी जेवढी अक्षरं येत होती, तेवढी सगळी आली होती, शिवाय वर दोन.

"आगं, खांदा, खांदा!" थोरली आजी ओरडली. "आन् काय गं बाय, ह्यो पुठ्ठा पयल्याच दिशी दिला आस्ता तर? ही आमची मास्तरीनबाई तरी रडायची वाचली आस्ती."

मी रडत नव्हते. तुमचे आजोबा साक्षीला आहेत, ते गाडीत झोपले होते.

औषध बंद झालं नाही. ते नवं होतं की जुनं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. सगळीकडच्या दवाखान्यांतलं काम पुरं झालं की मगच सांगतात म्हणे. थोरली आजी म्हणते, म्हैस दूध देती तोवर भाव इचारू नये. इंजेक्शनं चालू आहेत, आता लांबलांबच्या अंतराने, आणि आदल्या दिवशी ती माझ्याकडे मुक्कामाला येते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

तेव्हा तुमच्या आईला माझा निरोप द्या. डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजव्याने तिला सुई ओवता येत नाही. भाजी निवडता येते, समोरच्याचा चेहरा ओळखता येतो, माझ्या वरणात मीठ नीट विरघळलेलं नसलं तर तेही दिसतं, असं ती म्हणते. तेवढी नजर शाबूत आहे.